अण्णाला बदली नको होती

वहिनींचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "सुमनताई, चहाला उठवायला गेले तर हे उठलेच नाहीत," एवढंच त्या म्हणाल्या. मी "बरं, येते" म्हटलं, फोन ठेवला आणि उरलेली जुडी निवडून संपवली. पानं धुऊन निथळत ठेवली, गॅस बंद आहे ना ते पुन्हा पाहिलं आणि मग नेहरू नगरहून रिक्षा करून पिपलानीला निघाले. रिक्षावाला भाड्यावरून हुज्जत घालायला लागला, तर मीही घातली. सख्खा भाऊ गेलाय आणि ही बाई भाड्यासाठी भांडतेय... आता दोन महिने होत आले. भेटेल तो म्हणतो, रडून घे, मोकळी होशील. पण रडू यायला तर हवं! दाढ काढताना इंजेक्शन देतात, मग आपलाच गाल आपला वाटत नाही, तसं काहीतरी झालंय. दुखत नाही, हेच कळतं फक्त.

आमचे बाबा सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आले आणि शेवटपर्यंत आलेलेच राहिले. घर घेतलं नाही, अंगणात झाड लावलं नाही. "आपलं गाव तिकडं आर्वीकडे आहे. इथं आपण नोकरी करून राहिलो," हे त्यांचं पालुपद. अण्णा इथल्या मोठ्या कारखान्यात लागला, त्यांच्या पिपलानीच्या वसाहतीत क्वार्टर मिळालं, तरी बाबांचं पालुपद तेच. तसं पाहिलं तर सगळी पिपलानीच तशी. आमच्या ओळीत केरळचे, पंजाबचे, बंगालचे, बिहारचे लोक, आणि सुट्टी लागली रे लागली की सगळे आपापल्या गावाला. मे महिन्यात ती गल्ली ओस पडायची. मागे राहायची ती कुत्री आणि अण्णा.

कारण अण्णाला मध्येच एक गाव सापडलं होतं. कारखान्याने त्याला पाण्याचे मोठे पंप बसवायला फिलिपिन्सला पाठवलं. डोंगराच्या पायथ्याचं, भातशेतीचं एक आडगाव. नाव कुठल्याशा संताचं होतं, पण परत आल्यावर अण्णा त्याला नुसतं "आमचं गाव" म्हणायला लागला. जेवताना सहज म्हणायचा, "आमच्या गावात भाताची दोन पिकं घेतात." बाबांचा घास हातातच राहायचा. "कोणतं रे तुझं गाव?" अण्णा हसायचा आणि बाबा ताटावरून उठायचे. मीही त्याला कमी छळलं नाही. लग्नकार्यात कुणी गाव विचारलं की मी आधीच सांगून टाकायची, "ह्याचं गाव समुद्रापलीकडे आहे, बोटीने जावं लागतं."

त्या गावाची कुंडली मात्र त्याला तोंडपाठ होती. ज्यांच्या घरी तो भाड्याने राहिला त्या आलिंग रोसा नावाच्या बाई, शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीण, संध्याकाळी ओट्यावर बसून त्याला सांगायच्या. आलिंग म्हणजे आपल्याकडे काकू म्हणतो तसं. मध्ये दगडी चर्च, समोर चौक, चौकाभोवती कचेरी, शाळा आणि बाजार, आणि तिथून शेतांमधून पसरलेल्या वाड्या. आधी तिथे माणसाच्या उंचीचं गवत होतं. उत्तरेकडून लोक बैलगाड्या घेऊन आले, बियाणं आणि खारवलेल्या मासळीचे रांजण बरोबर घेऊन. मग दुसऱ्या बेटांवरून ऊस तोडणारे आले. चिनी दुकानदाराच्या किती पिढ्या झाल्या ते त्याचं त्यालाही माहीत नव्हतं. जमीन बहुतेक एकाच घराण्याची, बाकीचे कुळं. आणि या सगळ्यांच्या आधी जे तिथे होते ते सरकत सरकत डोंगरात गेले. "बाजारात तीन भाषा ऐकू यायच्या, सुमे," अण्णा म्हणायचा. "सगळे कुठून ना कुठून आलेले. पण परका कुणी नाही." "ते कसं काय?" मी एकदा विचारलं. तर त्याने आलिंग रोसाचंच उत्तर दिलं. आपली माणसं जिथे पुरली, ते आपलं गाव. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथे सगळं गाव स्मशानात जातं, थडगी धुतं, पांढरी रंगवतं, मेणबत्त्या लावतं आणि तिथेच डबे उघडून जेवतं. पोरं थडग्यांवरून उड्या मारतात, म्हातारे पत्ते खेळतात. "आपल्याकडे माणूस मेला की नदीतून पुढे," अण्णा म्हणाला. "म्हणजे मेल्यावरही बदलीच! बसायचं कुठे त्याच्यापाशी?"

बाबा गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे आम्ही दोघं अस्थी घेऊन त्यांच्या गावी गेलो. आगगाडी, मग एसटी, मग नदीपर्यंत पायी. बाबांनी जन्मभर ज्याचं नाव घेतलं ते हे गाव. काठावर एक म्हातारा म्हशी धूत होता. त्याने आमच्याकडे, अण्णाच्या हातातल्या कलशाकडे पाहिलं आणि चांगल्या मनाने विचारलं, "कोन्या गावचे जी तुमी?" अण्णा तसाच पाण्यात उतरला. मीही मागोमाग. अस्थी सोडल्या, वळून पाहायचं नसतं म्हणून पाहिलं नाही, आणि परतीच्या एसटीत अण्णा म्हणाला, "घरी हे सांगू नकोस." मी सांगितलं नाही.

अण्णाच्या अस्थींचा प्रश्न आला तो त्याचा मुलगा निखिल पुण्याहून आल्यावर. त्याने गाडी ठरवली होती. "आजोबांना जिथे सोडलं, तिथेच बाबांना सोडू," तो म्हणाला. पोराचं काही चुकत नव्हतं, त्याला बापाला आजोबांपाशी पोहोचवायचं होतं. वहिनी म्हणाल्या, "ते मला सांगून गेलेत. तिकडे नको, इथेच कुठेतरी." निखिलला वाटलं, आई दुःखाने काहीतरी बोलतेय. "आई, इथे आपलं काय आहे? क्वार्टर सोडायचंय, तू माझ्याकडे येणार." चाळीस वर्षांच्या संसारात वहिनींनी कुणाचा शब्द मोडला नव्हता आणि आताही मोडता येत नव्हता. पदराचं टोक तेवढं मुठीत घट्ट धरून बसल्या. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तुम्ही मोठ्या आहात ह्या घरात. तुम्हीच सांगा. एवढ्या लांब ठेवलं, तर मी जाऊ कशी त्यांच्याकडे?"

तेव्हा मी नदीवरच्या त्या म्हाताऱ्याची गोष्ट निखिलला सांगितली. आवाज हलला नाही माझा. भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. निखिल उठून बाहेर गेला. आत आला तेव्हा डोळे लाल होते. "आत्या, मग कुठे?" त्याने विचारलं.

भोजपूरजवळ बेतवेवर गेलो. पिपलानीहून जवळ, शिवाय अण्णा स्कूटरवरून वहिनींना तिथे फिरायला न्यायचा. पाणी कमी होतं, मोठमोठे खडक उघडे पडले होते. निखिलने अस्थी सोडल्या. आपल्या रिवाजाप्रमाणे मी पाठ फिरवली, तर मागे वहिनी एका खडकावर बसलेल्या! पिशवीतून डबा काढला होता. पोळ्या आणि बटाट्याची भाजी. निखिल म्हणाला, "आई, इथे नसतं खायचं." "असू दे," त्या म्हणाल्या. आम्ही तिघं तिथे जेवलो. भाजीत मीठ जास्त पडलं होतं, तरी डबा रिकामा झाला.

निखिल पुण्याला गेला. वहिनी गेल्या नाहीत. कारखान्याच्या फाटकाबाहेर दोन खोल्या भाड्याने बघताहेत. रविवारी त्यांचा फोन येतो, "जायचं ना?" आणि आम्ही बस धरून बेतवेवर जातो. मी मोज्यांचं विणकाम नेते, वहिनी पाण्याकडे बघत बसतात. मला अजूनही रडू येत नाही, पण रविवारची वाट बघते, हे खरं आहे.

परवा उन्हं चढल्यावर तिथल्या शंकराच्या देवळाकडच्या झाडाखाली गेलो. तिथे झेंडूची फुलं विकणारी एक बाई बसते. तिने आम्हाला दोनचारदा पाहिलं असावं. "दर्शन तो करती नहीं हो तुम लोग," ती म्हणाली. "फिर यहाँ बैठने काहे आती हो?"

वहिनींनी नदीकडे हात केला. "हमारे घरवाले यहीं रहते हैं."

"अच्छा," ती म्हणाली, आणि टोपली ओढून घेऊन तिने आम्हाला सावलीत जागा करून दिली.