पाटल्यांच्या आतलं नाव
दागिने उजळायच्या चिंचेच्या पाण्याचा वास आला की तंजावरातल्या सोनाराची ती ओसरी आठवते. सत्तावन्न-अठ्ठावन्न साल असेल. थोरली अक्का लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली होती. वडिलांनी तिच्या पाटल्यांच्या आत तिचं नाव कोरवून दिलं होतं. ते घासून काढ आणि सासरी ठेवलेलं नवं नाव घालून आण, असं सासूनं बजावलं होतं. उन्हातून चालून आम्ही दोघी दमलो होतो. तमिळ सोनाराला आम्हा मराठी माणसांची ही नाव बदलायची रीत ठाऊक नव्हती. कानस उचलून, आतल्या नावाकडे बघत त्यानं हळूच विचारलं, “ही कोण, अम्मा? वारली का?” अक्कानं पदरानं मान पुसली. “हो, घासा,” म्हणाली. मागच्या वर्षी अक्का गेली. तेराव्याला गुरुजींनी नाव विचारलं, तेव्हा जुनं नाव ठाऊक असलेली मी एकटीच उरले होते. मीही नवंच सांगितलं.