आईनं शिवलेले दोनशे डॉलर

मला वाचवलं ते मिरजगावच्या खलीलभाई शिंप्यांनी. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, कारण पुढच्या हकिकतीत माझ्या घरच्यांनी इतक्या हिरिरीनं भाग घेतला आहे, की वाचणाऱ्याला वाटायचं, मदत त्यांनीच केली!

मी काष्टीचा. आठवीत शाळा सोडली. (शाळेचं म्हणणं वेगळं आहे. तिच्या मते तिनं मला सोडलं.) मग श्रीगोंद्याला एका बेकरीत भट्टीवर नऊ वर्षं काढली आणि त्या ओळखीतून थेट ओमान देशात, सोहार नावाच्या गावी पाव भाजायचं काम लागलं. व्हिसा आला, तिकीट आलं, आणि तिथल्या मॅनेजरचा फोन आला.

"रविवारी संध्याकाळी सहाच्या आत भट्टीवर हजर पाहिजे. एक मिनिट उशीर झाला तर दुसरा माणूस तयार आहे. मस्कतच्या विमानतळावरून बसनं ये. भाडं तुझं."

भाडं तुझं! ते ऐकल्यापासून माझी भूक मेली. काष्टीहून दौंडला जाताना सात वेळा खिसा चाचपणारा माणूस मी. आता परक्या देशात, परके पैसे घेऊन, परक्या बसमध्ये बसायचं होतं.

आईनं शनिवारच्या बाजारात दोन शेळ्या विकल्या आणि आलेले पैसे दगडूमामांच्या हातात दिले. मामा बैलबाजारातले दलाल. परदेशी पैशातलं आमच्या घरात फक्त त्यांनाच कळतं, कारण ते एकदा यात्रेच्या बसनं नेपाळला जाऊन आले आहेत.

"मामा, तिकडं रियाल चालत्यात म्हणं," मी भीतभीत म्हणालो.

"कोन म्हणलं?"

"मॅनेजर."

"त्याला काय कळतंय! तिथं ऱ्हातो म्हनून शाना झाला व्हय? डॉलर घ्यायचा. संपत, डॉलरचं कसं हाय, जावयागत. कुठंबी जाऊ दे, त्याला पाट मांडल्यालाच असतोय."

झालं. जावई घ्यायला आम्ही नगरला गेलो.

चलन बदलून देणाऱ्या त्या ऑफिसात टाय लावलेला एक तरुण साहेब बसला होता. त्यानं माझा पासपोर्ट बघितला, व्हिसा बघितला, तिकीट बघितलं. मामांकडं बघितलं नाही, ही त्याची चूक. आता बैलबाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. दलाल हातावर उपरणं टाकतो, त्याच्याखाली समोरच्याची बोटं धरतो, आणि कुठलं बोट किती दाबलं त्यावरून सौदा ठरतो. शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता लागत नाही. मामांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, साहेबाच्या हातावर टाकलं आणि आत हात घातला.

"अहो! अहो काका! काय करताय?"

"बोला," मामा डोळे मिटून म्हणाले.

"हात सोडा! रेट बोर्डावर लिहिलाय!"

"बोर्डावरचा गिऱ्हाइकाला. आपला बोला. ही दोन बोटं... न्हाई? बरं, मग ही करंगळी."

"वॉचमन!"

वॉचमन धावत आला. तो निघाला पारनेरकडचा, बैल सांभाळणाऱ्या घरातला. त्यानं उपरण्याकडं बघितलं, आदबीनं दोन पावलं मागं सरकला आणि माझ्या कानात म्हणाला, "कितीला ठरलं?"

ठरलं बोर्डावरच्याच भावाला. वीस-वीसच्या दहा नोटा मिळाल्या. मामांनी एकेक नोट उजेडात धरून तिच्यावरच्या साहेबाची पाहणी केली. "जनावर म्हातारं दिसतंय," म्हणाले, "पन असू द्या."

टायवाला आपली बोटं चोळत (आणि बहुतेक मोजत) म्हणाला, "हे बघा, तीन गोष्टी सांभाळा. नोटा दुमडू नका. त्यांच्यावर काही लिहू नका. आणि डाग पडू देऊ नका. डागाळलेला डॉलर बाहेर कुणी घेत नाही. मी तर म्हणतो, कार्ड घ्या. पैसे कार्डात राहतात, चोरीची भीती नाही."

"कार्डावर काय रॉकेल आनायचंय?" मामा म्हणाले आणि उपरणं झटकून बाहेर पडले.

तीन गोष्टी! आमच्या घरानं त्या तिन्ही एका दिवसात करून दाखवल्या.

सुरुवात मामांनी केली. बॉलपेन काढलं आणि दहाही नोटांवर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'संपत, मु. पो. काष्टी.'

"मामा, लिहू नका म्हणला हुता त्यो!"

"हारवल्या तर घावनाऱ्यानं कुनाला द्यायच्या? त्याला द्यायच्या का, टायवाल्याला?"

असल्या प्रश्नाचं उत्तर आठवीपर्यंत शिकवत नाहीत.

मग आई हळदी-कुंकवाचा करंडा घेऊन आली.

"आये, डाग पडू द्यायचा न्हाई!"

"शेळ्या बाजारला नेताना त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं हुतं का न्हवतं?"

"लावलं हुतं."

"मग त्यांचा पैसा बिनकुंकवाचा धाडू व्हय परमुलखात?"

"पन आये, डाग..."

"कुंकवाला डाग म्हनतोस, मुडद्या?"

विषय संपला. दहाही नोटांवरच्या साहेबांना मळवट भरला गेला. मग आईनं नोटांची चौपदरी घडी घातली, माझ्या मांजरपाटाच्या बंडीला आतून चोरखिसा लावला, त्यात ती घडी ठेवली आणि खिशाचं तोंड शिवून टाकलं. सुईनं नव्हे. गोण्या शिवायच्या दाभणानं, दुहेरी सुतळी ओवून! वरून पाच सेफ्टी पिना.

"चोरालाच काय, चोराच्या बापालाबी उसवता यायचं न्हाई," आई समाधानानं म्हणाली.

शिवण बघून माझंही समाधान झालं. मालकाला उसवता येईल का, हा प्रश्न घरात कुणाच्याच डोक्यात आला नाही.

मुंबईच्या विमानतळावर तपासणीच्या दारातून गेलो आणि दार बोंबललं. जवानानं माझं पोट चाचपलं.

"पेट में क्या है?"

"पैसा."

"पेट में?"

"माँ ने सिया है."

त्यानं पिना बघितल्या, सुतळी बघितली. मग दुसऱ्या जवानाला बोलावून त्याला दाखवली. त्यानं तिसऱ्याला. सगळ्यांचं बघून झाल्यावर त्यांनी पिना काढून घेतल्या आणि मला अतिशय हळुवारपणे पुढं जाऊ दिलं, आजारी माणसाला देतात तसं.

मस्कतला उतरून, पासपोर्टवर शिक्का घेऊन, पेटी हातात येईपर्यंत दुपारचा एक वाजत आला होता. सोहारची बस दीडला. ती चुकली तर पुढची मला सहाच्या आत पोचवणार नव्हती. मोबाईलचं तिथं पोचल्यावर नुसतं घड्याळ झालं होतं. अंगात बंडी, तिच्यावर शर्ट, त्याच्यावर स्वेटर. (विमानात गार असतं, इति आई.) आणि आत काळजीचा घाम असा सुटला होता, की मी चालत नव्हतो, वाहत होतो.

धावत पैसे बदलायच्या खिडकीवर गेलो. आत चष्मेवाला एक शांत माणूस.

"डॉलर देने का है."

"दो."

"एक मिनिट," म्हणून मी स्वेटर काढला. शर्टाची बटणं उघडली. त्याचा चेहरा जरा कमी शांत झाला. मी चोरखिसा ओढला. सुतळी हलेना. नखं लावली. नखं मोडली. दातांनी तोडायचा प्रयत्न केला, पण आपले दात आपल्याच पोटापर्यंत पोचत नाहीत, हे मला परदेशात गेल्यावर कळलं! घड्याळात एक वाजून पाच मिनिटं. मी हातघाईवर आलो.

"भैया, चाकू है क्या?"

तो उठून उभा राहिला. तो माझ्या तोंडाकडं बघत नव्हता, पोटाकडं बघत होता. म्हणून मीही खाली बघितलं. घामानं आईचं कुंकू विरघळलं होतं आणि पांढऱ्या बंडीवर छातीपासून बेंबीपर्यंत लालभडक ओघळ आले होते.

"ये क्या है?"

"कुंकू."

"खून?"

"खून नहीं! कुंकू, कुंकू!"

"खून-खून?"

"माँ ने लगाया!"

"माँ ने मारा?"

त्यानं बेल दाबली. दोन गार्ड आले. मी हात वर केले, त्यामुळं उघडा शर्ट आणखी उघडला आणि पोटाचं प्रदर्शन सगळ्या विमानतळाला फुकट झालं. लेकरं रडायला लागली. एका बाईनं तोंड फिरवलं. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "आये, मेलो गं!"

"अरं, कुटला रं तू?"

मागून आवाज आला. वळून बघतो तर पांढरी दाढी, हातात सामानाची गाडी, गळ्यात इंचपट्टी. (सुट्टीवरून परत येतानासुद्धा!)

"काष्टी... श्रीगोंद्याची काष्टी..."

"मी मिरजगावचा. खलील. पंचवीस वरसं हितं शिवनकाम करतोय. आदी रडायचं थांब. डाग पसरतोय."

ते गार्डांशी अरबीत काहीतरी बोलले. गार्ड आधी गंभीर होते, मग एकमेकांकडं बघायला लागले, मग एकजण भिंतीला टेकून हसायला लागला.

"काय सांगितलं, चाचा?"

"ह्याची आई ह्यालाच बँक समजती, म्हणलं. बघू शिवन."

त्यांनी खाली वाकून चष्मा लावला आणि एकदम हरखले. "दाभनाचं टाकं! दुहेरी सुतळी! बेटा, आईनं तुला शिवलाय का कांद्याची गोनी? पन हात पक्का हाय हां माऊलीचा. एक टाका वाकडा न्हाई."

"चाचा, दीडची बस हाय! सहाच्या आत न्हाई पोचलो तर नोकरी जाती!"

मग मात्र त्यांनी बॅग उघडली, टाके उसवायचा लहानसा काटा काढला आणि तिथंच खाली बसून, माझं पोट पुढ्यात घेऊन, टाक्यामागून टाका उसवला. हसणाऱ्या गार्डनं माझा स्वेटर धरला होता.

नोटा बाहेर आल्या. डॉलर हिरवा असतो असं मी ऐकून होतो. आमचा लाल झाला होता, आणि त्यात मामांची बॉलपेनची शाई उतरल्यामुळं कडेनं निळा. पहिली नोट उलगडली तशी घडीवर टरकली. चष्मेवाल्यानं ती पेन्सिलीच्या टोकानं उचलली.

"नो."

दुसरी. "नो." तिसरी. "नो." असे दहा नो. मामांचा जावई मळवट भरून दारात उभा होता आणि पाट सोडा, त्याला कुणी पाणीसुद्धा विचारेना!

एक वाजून सतरा मिनिटं. मी खालीच बसलो. त्या क्षणी मला नोकरीपेक्षा काष्टीचा बाजार दिसत होता. तिथं आपल्या दोन शेळ्या होत्या, आता नाहीत, आणि त्यांच्या बदल्यात आपल्या हातात दहा लाल कागद आहेत.

खलीलभाईंनी खिशातून वीस रियाल काढले आणि माझ्या मुठीत कोंबले.

"चाचा, ह्ये डॉलर तरी घ्या..."

"येडा का खुळा? त्याच्यावर तुझ्या आईचं कुंकू हाय, तुझं नाव-गाव हाय. त्यो डॉलर ऱ्हायला न्हाई आता, लग्नपत्रिका झाली. ठिव तुझ्याकडं. चल ऊठ, पळ!"

मी त्यांचा नंबर विमानाच्या पासावर लिहून घेतला. त्यांनी माझी पेटी एका हातानं उचलली आणि मला दुसऱ्या हातानं बसपर्यंत जवळजवळ ओढत नेलं. तिकीट त्यांनीच काढायला लावलं, खिडकीची जागा त्यांनीच मागितली. बस सुटताना खालून ओरडले, "आन् परत खिसा शिवशील तवा सुई घे बाबा! दाभन न्हाई!"

पावणेसहाला मी भट्टीसमोर उभा होतो. मॅनेजरनं माझ्या शर्टाकडं बघितलं.

"मारामारी?"

"नाही साहेब. पूजा."

त्यानं भट्टीकडं बोट दाखवलं. नोकरी राहिली, ती आजही आहे. ते दोनशे डॉलर मी गावाकडं जाणाऱ्या एका माणसाबरोबर घरी धाडले. ते आता देव्हाऱ्यात आहेत, आणि आई त्यांना दर शनिवारी नवं कुंकू लावते. मामा बाजारात सांगत असतात, "मी तवाच म्हणलो हुतो, रियाल घे. पन आजकालची पोरं ऐकत्यात व्हय!"

खलीलभाईंना मी दर शुक्रवारी फोन करतो. पैशाचा विषय काढला की ते म्हणतात, "सवडीनं दे." पण हे पैसे त्यांना द्यायचेच, आणि हातात हात घेऊन द्यायचे. पहिल्याच पगारातून वीस रियाल बाजूला काढले. कोऱ्या करकरीत नोटा. लिहिलं नाही, दुमडलं नाही, कुंकू तर खोलीतसुद्धा ठेवत नाही. टायवाल्यानं सांगितलेल्या तिन्ही गोष्टी पाळल्या. आता फक्त जपून ठेवायचं राहिलं होतं. एका खोलीत आम्ही आठजण झोपतो, दाराला कडी नाही, आणि माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. आईनं चटणीच्या पार्सलमध्ये आठवणीनं दाभण धाडलं होतं.

खलीलभाई, तुमचे पैसे मी एक दिवस मस्कतला येऊन देणार, हा काष्टीच्या माणसाचा शब्द आहे. येताना बंडी घालूनच येईन. उसवायचं तेवढं तुम्ही बघा.