फाटक तीनला बंद होतं

माझी आत्या एकोणीस वर्षं एका ट्रॅव्हल कंपनीत लोकांच्या सहली आखायची. तिचं टेबल खिडकीपासून दूर, झेरॉक्सच्या मशीनला लागून. त्या मशीनची गरम हवा वर्षभर तिच्या डाव्या कानावर. काम एकच: ऐन हिवाळ्यात गाडीने थेट उत्तरेच्या टोकापर्यंत जाणाऱ्यांना रस्ता ठरवून द्यायचा. तिकडे सूर्य दिवसातून जेमतेम चार तास तोंड दाखवतो, दोन पेट्रोल पंपांमध्ये दीडशे किलोमीटर असतात, गाडी बंद पडली तर आधी माणसं गरम ठेवायची आणि मग बॉनेट उघडायचं, हे सगळं तिला तोंडपाठ.

ती स्वतः मात्र एकदाही तिकडे गेली नव्हती. दर हिवाळ्यात विचारायची. मालक म्हणायचे, "तुम्ही गेलात तर इथे फोन कोण घेणार?" एकोणीस वर्षं एकच उत्तर! आठवलं की आजही माझ्या डोक्यात तिडीक जाते.

मग तिने रस्ता फोनवरून शिकून घेतला. पंपावरची बाई, मुक्कामाच्या घरांचे मालक, घाटातला बर्फ हटवणारा ड्रायव्हर, सगळ्यांना आठवड्याला एक फोन. कुणाच्या सुनेला काय झालं तेही हिला ठाऊक. जे कळेल ते एका जाड वहीत. त्या वहीत एक ओळ तिने लाल शाईने लिहिली होती: तिसरा मुक्काम घाटाच्या अलीकडेच. कितीही उजेड असो, पुढे जायचं नाही. कारण घाटाचं फाटक दुपारी तीनला बंद व्हायचं, आणि त्याआधीच्या शेवटच्या चाळीस किलोमीटरांत एकही घर नव्हतं.

मालक थकले आणि त्यांनी खुर्चीत जावयाला बसवलं. जावईबापूंनी पहिल्याच महिन्यात सहा दिवसांची सहल चार दिवसांची केली. घाटाअलीकडचा मुक्कामच उडवला.

"एका दिवसात सव्वाचारशे किलोमीटर?" आत्याने विचारलं.

"ॲप साडेसात तास दाखवतंय."

"ॲपच्या चाकाखाली बर्फ नसतो, साहेब."

"लोकांना एवढी सुट्टी कुठे असते?"

"पहिला ग्रुप आठ रिटायर्ड नर्सचा आहे. त्यांना सुट्टीशिवाय दुसरं आहे काय?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. जावयाचे कान लाल झाले. "तुम्ही एवढं छातीठोकपणे सांगताय, पण तुम्ही कधी गेलायत का तिकडे? मी गेलोय. हनिमूनला."

"कोणत्या महिन्यात?"

"जूनमध्ये."

आत्याने घाटातल्या ड्रायव्हरला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "घाटाचं फाटक कितीला बंद होतं हो?"

"तीनला. बाई, हे तुम्हाला मी सांगायचं?"

"मला नको, आमच्या साहेबांना सांगा."

साहेबांनी हात लांब करून फोन बंद केला.

दोन दिवसांनी नवी पत्रकं छापून आली. 'आमच्या अनुभवी तज्ज्ञांनी आखलेला मार्ग' अशी ओळ आणि शेजारी आत्याचा हसरा फोटो. तिला न विचारता! ते पत्रक घेऊन ती संध्याकाळी आमच्याकडे आली. चप्पलही न काढता तिने ते माझ्या वडिलांसमोर आपटलं.

वडील म्हणाले, "कशाला नसती उठाठेव? तू तुझं सांगितलंस ना? मग झालं."

"दादा, त्या बायका माझं तोंड बघून गाडीत बसणार आहेत."

वडिलांनी पत्रक उलटसुलट करून पाहिलं. माझा मात्र संताप संताप झाला. माणसाचं ज्ञान पायाखाली घ्यायचं आणि चेहरा तेवढा दुकानाबाहेर टांगायचा!

दुसऱ्या दिवशी तिने त्या ग्रुपमधल्या जुन्या मेट्रनला फोन करून सगळं सांगितलं. मेट्रनबाईंनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तुम्ही आमच्यासोबत असतात तर आम्हाला कुठे थांबवलं असतंत?" त्याच दुपारी त्या ऑफिसात आल्या, उभ्याउभ्याच बुकिंग रद्द केलं आणि आत्याकडे वळून म्हणाल्या, "मिनीबस आम्ही बघतो. पुढची सीट तुमची."

जावयाने 'ग्राहकाला परस्पर फोन करून शिस्तभंग केला' असं पत्र आत्याच्या हातात ठेवलं. एकोणीस वर्षांची नोकरी, चार ओळींत खलास. मालक आतल्या खोलीत होते. बाहेरसुद्धा आले नाहीत.

आत्या त्या नर्सबरोबर निघाली. तिसऱ्या दिवशी पावणेदोनला घाटाअलीकडच्या मुक्कामाला पोचली. मिनीबसचा ड्रायव्हर म्हणाला, अजून उजेड आहे, निघू या का? तिने नुसती मान हलवून नाही म्हटलं. अडीचच्या सुमाराला वारा बर्फ घेऊन असा उठला की अंगणातली मिनीबस खिडकीतून दिसेना. आठही जणींनी एकमेकींकडे पाहिलं. सव्वाचारशेच्या हिशोबाने त्या वेळी त्या कुठे असत्या, हे कुणी बोलून दाखवलं नाही.

सकाळी त्या फाटकाशी पोचल्या आणि ते उघडलं तेव्हा बर्फ हटवणाऱ्या गाडीतून एक बुटका माणूस उतरला. फोनवरच्या भारदस्त आवाजावरून आत्याने उंचापुरा गडी मनात धरला होता.

"एवढी वर्षं दुसऱ्यांनाच पाठवलंत," तो म्हणाला. "तुम्हाला कुणी अडवलं होतं?"

परत आल्यावर ती मला म्हणाली, "काय सांगू त्याला? इतका राग आला की रडूच फुटलं." मेट्रनबाईंनी स्कार्फने तिचा चेहरा पुसला आणि दटावलं, "इथे रडायचं नाही. गालावर गोठतं."

वहीत चुकाही निघाल्या. लाल छपराचं म्हणून लिहिलेलं घर आता हिरवं होतं, आणि 'साधं वळण' असं जिथे लिहिलं होतं तिथे जीव मुठीत धरावा लागला. प्रत्येक चूक तिने गाडीतच दुरुस्त केली.

परत आली तर चार दिवसांची सहल विकणं चालूच, फोटोसकट. वकिलाची नोटीस गेल्यावर फोटो निघाला. चार दिवसांची सहल तशीच. मग आत्या मला घेऊन सहल-कंपन्यांना परवाने देणाऱ्या कचेरीत गेली.

"तुम्हाला काय त्रास झाला?" कारकुनाने विचारलं.

"काही नाही."

"कुणी अडकलं? कुणी दगावलं?"

"अजून नाही. म्हणून तर आत्ता आलेय."

"मग तक्रार कसली?"

हे ऐकून मीच खुर्चीतून उठलो होतो. आत्याने माझा हात दाबून मला खाली बसवलं आणि कारकुनाला म्हणाली, "लिहून घ्या. पुढच्या सोमवारी परत येते."

ती पाच सोमवार गेली. शेवटी हुकूम निघाला: फाटकाची वेळ पत्रकावर छापलीच पाहिजे. जावयाने ती मागच्या बाजूला, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत छापली. आत्याने ते पत्रक कारकुनापुढे धरलं. "वाचा."

त्याने चष्मा पुसला, पत्रक जवळ नेलं, लांब नेलं. मग नव्या हुकुमासाठी कागद ओढला.

आता वेळ पहिल्या पानावर ठळक छापतात. ती वाचली की गिऱ्हाईकच तासांचा हिशोब घालतं आणि विचारतं, मग आम्ही पोचणार कसे? दोन महिन्यांत चार दिवसांची सहल बंद पडली. आत्याला ना कंपनीने दोन ओळी लिहिल्या, ना कचेरीने. हल्ली लोक थेट घरी फोन करतात आणि ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही उघडून त्यांना रस्ता सांगते. विषय निघाला की मात्र आवाज अजूनही चढतो: "माणूस मरायची वाट बघत बसले होते रे, दुसरं काही नाही!"