दुसरं कडवं

उत्तर इंग्लंडमधल्या क्रॅगथॉर्प गावच्या हौशी संगीत मंडळात सगळे कोट घालून गायचे. तालमी चॅपलमागच्या खोलीत, नोव्हेंबर ते मार्च, आणि तिथली गॅसची शेगडी मीटरमध्ये नाणी टाकल्याशिवाय पेटत नसे. सतरा वर्षांपूर्वी ईनिड ओल्डरॉइडने दिग्दर्शनाची जबाबदारी घेतली तेव्हाच तिने ठरवून टाकलं होतं, की जो काही पैसा आहे तो वादकांना आणि भाड्याच्या पोशाखांना जाईल. गाणाऱ्यांनी गाऊन ऊब आणावी.

मंडळ वर्षातून एक विनोदी संगीतिका करायचं. मार्चमध्ये, बुधवार ते शनिवार, शाळेच्या सभागृहात. गावातल्या दोन गिरण्या बंद पडल्या, तिसरीत गोदाम झालं, तरी हे चार दिवस चुकले नव्हते. ईनिड दिवसभर कापडाच्या दुकानात गजाने कापड मोजायची आणि संध्याकाळी नऊ पुरुषांना शिपायांची पलटण बनवायची. त्या नवांपैकी दोघांना सूर नव्हता, पण ते ताठ उभे राहायचे, म्हणून तिने त्यांना पुढे ठेवलं होतं. महालाचे खांब म्हणजे गालिच्याच्या दुकानातून मागून आणलेल्या पुठ्ठ्याच्या नळ्या. त्याच नळ्या एका वर्षी जहाजाच्या डोलकाठ्या झाल्या होत्या, एका वर्षी जपानी बागेतले बांबू.

पोशाख दूरच्या शहरातून यायचे. त्यासाठी ख्रिसमसनंतर प्रत्येकाने मापांचा कागद भरून द्यायचा असे. बायका कंबर दोन इंचांनी कमी लिहायच्या, आणि ईनिड काही न बोलता दोन इंच वाढवून कागद पाठवायची. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणीच काढत नव्हतं. कॉनी शटलवर्थचं माप मात्र ईनिड स्वतः फीत लावून घ्यायची, कारण ते कागदावरच्या रकान्यात मावायचं नाही असं कॉनीच हसत सांगायची.

कॉनी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. तीस वर्षं ती मंडळात एकच बाई वेगवेगळ्या नावांनी करत आली होती: वय उलटलेली, अंगाने भरलेली, लग्नासाठी आसुसलेली, जिला बघून नायक टेबलाखाली लपतो. ती दारातून आत आली की लोक हसायला लागायचे. १९८३ सालच्या संगीतिकेत ती गव्हर्नरची विधवा बहीण होती. त्या जानेवारीत ईनिड फीत घेऊन आली, तर कॉनी कोटाची बटणंसुद्धा न काढता म्हणाली, "गेल्या वर्षीचंच लिही गं. या वयात मी काय वाढणारेय?"

ईनिडने लिहिलं. खोलीत इतका गारठा होता की कुणाला कोट काढायला सांगणं जिवावर यायचं. गाल बसलेत असं कुणी म्हटलं, तर कॉनी नवीन कवळी बसवल्याचं सांगायची आणि ती काढून दाखवायची धमकी द्यायची. मग पुढे कुणी विचारत नसे.

पहिल्या प्रयोगाच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, रंगीत तालीम होती. कॉनी जांभळा झगा घालून रंगमंचावर आली आणि ईनिडला आधी पोशाखवाल्यांचा संताप आला. झगा खांद्यांवरून ओघळत होता, पुढून पडद्यासारखा लोंबत होता. चुकीचं माप पाठवलं मेल्यांनी, उद्या सकाळी फोन करून खडसावते, असं तिने वहीत लिहूनही टाकलं.

मग खुर्चीचा प्रसंग आला. गव्हर्नरच्या बहिणीला चार शिपायांनी खुर्चीसकट उचलून न्यायचं असतं आणि ती जागची हलत नाही, एवढाच विनोद. खुर्ची त्याच दिवशी दातांच्या डॉक्टरकडून उसनी आली होती. तोवर तालमींत हे उचलणं खुर्चीशिवाय, हवेतच चाललं होतं. ईनिडला नाटकी धापा चालायच्या नाहीत. तिने चौघांना बजावलं होतं, की खरा जोर लावा, कपाळाच्या शिरा दिसल्या पाहिजेत, कॉनी काही हलायची नाही.

चौघांनी खरा जोर लावला. खुर्ची सर्रकन खांद्यापर्यंत वर गेली. चौघांतला एक, डेझमंड नावाचा खाटीक, तोल जाऊन पुठ्ठ्याच्या खांबावर आदळला. कॉनी वर हवेत, खुर्चीचे हात घट्ट धरून. वादक थांबले. तिने आपलं वाक्य म्हटलं, जसं लिहिलं होतं तसंच. "सावकाश रे पोरांनो, पोटातला चहा हिंदकळतोय."

कुणी हसलं नाही. खुर्ची त्यांनी फार हळू खाली ठेवली.

बायकांची रंगपटाची खोली म्हणजे बालवर्ग. भिंतीवर अक्षरांची चित्रं, गुडघ्याएवढ्या खुर्च्या. बाकीच्यांना बाहेर काढून ईनिडने दार लावलं.

"कवळी म्हणाली होतीस."

"कवळी नवीच आहे. ते खोटं नव्हतं."

मग कॉनीने सांगितलं. जानेवारीत लीड्सच्या इस्पितळात पोट उघडलं होतं, डॉक्टरांनी आत बघितलं आणि परत शिवून टाकलं. नवऱ्याला, बर्नार्डला, ठाऊक होतं, आणखी कुणाला नाही. हे सगळं तिने शाळेतल्या मुलांना आज जेवायला काय आहे ते सांगावं तशा आवाजात सांगितलं. भूमिका सोडायचा प्रश्नच नव्हता. तिच्याऐवजी उभं राहायला दुसरी बाई तयार करणं मंडळाला कधी परवडलंच नव्हतं. पण तिला त्याबद्दल बोलायचं नव्हतं. तिला दुसऱ्या अंकातल्या गाण्याबद्दल बोलायचं होतं.

पाहुणे गेल्यावर ती विधवा दिवाणखान्यातले दिवे एकेक करून मालवते आणि गाते. दोन कडवी. साऱ्या संगीतिकेत तेवढाच वेळ तिची चेष्टा होत नाही. दुसऱ्या कडव्याची शेवटची ओळ लांबलचक होती, एका श्वासात घ्यायची.

"तीस वर्षं मी लोकांना हसवायला धडपडतेय, ईनिड. त्या दोन कडव्यांत मला कुणी हसत नाही. तेवढं काढून घेऊ नकोस."

"नाही घेणार," ईनिड म्हणाली.

त्या रात्री तिने दुकानातून आणलेला गोधडीचा कापूस आतल्या परकराला टाचला. पोटावर, नितंबांवर, दंडांना. बायकांच्या कमरेला दोन-दोन इंच जोडत आलेल्या त्या हातांनी एका बाईला चांगलं नऊ इंचांनी जाड केलं. सकाळी कॉनीने ते घालून आरशात बघितलं आणि म्हणाली, "ही बघ आली परत."

बुधवारी गाणं कसंबसं पार पडलं. गुरुवारी शेवटची ओळ दोन तुकड्यांत आली. शुक्रवारी दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर कॉनी थांबली. हात पोटावर गेला, तोंड उघडं राहिलं, आवाज नाही. वादकांनी तोच तुकडा फिरून वाजवला. आणि प्रेक्षागृहात कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले, मोकळेपणी, प्रेमाने. तीस वर्षं हसत आले तसेच, ही आपली कॉनी, आता काय करते बघा. कॉनीने डोळे मोठे केले, गाल फुगवले आणि त्यांना पुरतं हसून घेऊ दिलं. ते संपल्यावर उरलेली ओळ तिने नुसती बोलून टाकली.

ईनिड विंगेत उभी होती. तिच्या हातातली वही दुमडून गेली होती.

शनिवारी प्रयोगाआधी वाद्यवृंदाचा संचालक गॅरेथ प्रोबर्ट तिला बोळात भेटला. शाळेत संगीत शिकवणारा, वेल्सकडचा तरुण. वीस वर्षांनी लहान, म्हणून कधी तिला नावाने हाक मारत नसे.

"मिसेस ओल्डरॉइड, पहिल्या कडव्यानंतर सरळ शेवटच्या सुरावटीवर जाता येतं. वादकांना पेन्सिलीने खूण करायला सांगू?"

"तिला सांगावं लागेल."

"सांगितलंत तर ती नाही म्हणणार."

बोळाच्या टोकाला डेझमंड मिशी चिकटवत होता. बाहेर लोक यायला लागले होते, छत्र्या झटकल्याचा आवाज येत होता. आज शेवटचा खेळ, म्हणजे सभागृह गच्च भरणार आणि सगळे हसायच्या तयारीने येणार.

"करा खूण," ईनिड म्हणाली.

पहिला अंक चांगला झाला. खुर्ची हलली नाही. चौघं इतकं झोकून खोटं खोटं करत होते की डेझमंडच्या कपाळावर खरंच शिरा उमटल्या. मध्यंतरात कॉनी एका छोट्या खुर्चीवर भिंतीला टेकून डोळे मिटून बसली, चहासुद्धा घेतला नाही. ईनिड दारापर्यंत गेली आणि परत फिरली.

दुसऱ्या अंकात दिवे एकेक करून मालवले गेले. कॉनी गायला लागली आणि चार ओळींत ईनिडच्या लक्षात आलं, की कालची आणि परवाची कॉनी ही नव्हे. आवाज बारीक होता, पण नितळ, कुठे चीर नाही. मग तिला उमगलं, संध्याकाळभर कॉनी संवाद इतके हलके का म्हणत होती. समूहगीतात तिचे ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. ती साठवत होती.

कापू नका, असं खुणावायला ईनिडने हात वर केला. गॅरेथने कागदावरून मान वर केली असती तर त्याला तो दिसला असता.

पहिलं कडवं संपलं. कॉनीने श्वास घेतला. कापसाचं ते खोटं पोट वर उचललं गेलेलं ईनिडला स्पष्ट दिसलं, ओठ उघडलेले दिसले. आणि वाद्यं शेवटच्या सुरावटीवर गेली.

कॉनी क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिने ओठ मिटले, गुडघ्यात किंचित वाकून मुजरा केला आणि पलीकडच्या विंगेतून निघून गेली. टाळ्या कडाडून पडल्या. कुणी हसलं नाही.

पडदा पडल्यावर रिवाजाप्रमाणे ईनिडला रंगमंचावर बोलावलं, फुलं दिली. मेयरबाई काहीतरी बोलल्या. बालवर्गात बाकीच्या बायका आवरून गेल्यावर ईनिड कॉनीच्या पाठीमागे बसून टाके उसवायला लागली.

"श्वास होता माझ्याकडे," कॉनी म्हणाली.

कात्री थांबली. "काल लोक हसले, कॉनी. आज पुन्हा हसले असते तर मला बघवलं नसतं."

"तुला."

"हो."

"मला हसले असते गं. तुला कोण हसलं असतं?" ती रागाने बोलत नव्हती. दिवसाचं काम उरकून दमलेल्या माणसाचा आवाज होता. मग तिने दोन्ही हात वर केले आणि ईनिडने तो जड परकर तिच्या डोक्यावरून काढला. आतली कॉनी किती थोडी उरली होती ते तेव्हा दिसलं.

मे महिन्यात कॉनी गेली. मंडळ अंत्यविधीला कोट घालून उभं राहिलं आणि गायलं. त्यानंतर ईनिडने गॅरेथला एकदाच विचारलं, त्या दिवशी तिला दुसरं कडवं झेपलं असतं का. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, की तो कागदाकडे बघत होता.

ईनिडने पुढे सहा संगीतिका बसवल्या. त्या लांबतात अशी तक्रार समितीपुढे दरवर्षी यायची. वरच्या वाडीची शेवटची बस दहा वीसला सुटायची, तोवर कथेची गाठ सुटलेली नसायची आणि एखादा थकलेला गायक किंवा घसा बसलेली मुलगी अजून एखादं कडवं ओढत असायची. एवढं कापून टाक की, कुणाला कळणारेय, असं समितीतले लोक समजावून सांगायचे. ईनिड ऐकून घ्यायची, वहीत लिहून घ्यायची आणि काही कापायची नाही. ती हट्टी झालीय असं काहींचं मत पडलं, आणि वय झालं, भान राहत नाही, असं बाकीच्यांचं. दहा वाजून गेले की मागच्या रांगांतले लोक वाकून, माफी मागत, कोट उचलून बाहेर पडायला लागायचे. ईनिड विंगेतून ते बघायची. गाणारी मुलगीही ते बघायची, गोंधळून तिच्याकडे वळायची. तेव्हा ईनिड मान हलवून एवढंच सांगायची, गा, तू गा, मी आहे.