गार हाय, ताप न्हाय

ओलं कापड मी काढलं आणि परत घालायला विसरलो. ती चूक होती. नंतर गप्प बसलो, ते मात्र पाप.

आमच्या गावातल्या शुक्रवार पेठेतले मूर्तिकार वारल्यावर त्यांची राहत्या घरातली कामाची खोली लोकांना बघायला खुली केली. व्यवस्था माझ्याकडे होती; सांभाळायच्या त्यांच्या पत्नी, काकू. तुमच्यापैकी कोणी तिथं गेलं असेल, तर त्यांची सवय आठवेल. कोपऱ्यातल्या मातीच्या चेहऱ्यावरचं ओलं कापड उचलून त्या त्याच्या कपाळाला उलटा हात लावायच्या. “गार हाय. ताप न्हाय.”

लोक हसायचे. काकूही हसायच्या.

तो चेहरा त्यांच्या मुलाचा. साथीच्या तापात गेलेला. फोटो एकही नव्हता. बापानं आठवून आठवून चेहरा घडवला आणि साचा काढण्याआधी तोही गेला. माती वाळली तर तडकणार, म्हणून काकू रोज सकाळी कापड भिजवायच्या. साचा काढणारा माणूस मी पुण्याहून आणणार होतो.

“मास्तर, उन्हाळा लई वाईट हाय. कधी आणताय?”

“पुढच्या महिन्यात, काकू.”

वैशाखातल्या एका दुपारी काकू आत आडव्या झाल्या होत्या. पाहुण्यांना मी चेहरा दाखवला, कापड स्टुलावर ठेवलं आणि बोलत बोलत कुलूप लावून निघालो. वर पत्रा तापलेला.

सकाळी काकूंनी नेहमीसारखा हात लावला. तो तसाच राहिला.

“तापलाय, मास्तर.”

कानापासून ओठापर्यंत केसाएवढी रेघ होती. काकूंनी घाईनं पाणी शिंपडलं. खोलीत बारीक टक् असा आवाज झाला. मग रोज रेघ वाढत गेली आणि एके दिवशी गाल गळून पडला.

“कापड मीच काढून ठेवलं असंल,” त्या म्हणाल्या. “तो गेला त्या रात्रीबी माझा डोळा लागला होता.”

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी कुलपाची किल्ली उचलली आणि निघालो.

काकू मैंदर्गीला भावाकडे निघून गेल्या. माझी झोप उडाली ती उडालीच. दिवाळीनंतर मी तिकडे गेलो. ओसरीवर भावाची सून तान्हं मूल पुढे करत होती. “आत्याबाई, जरा धरा की. चुलीवर दूध हाय.”

काकूंनी दोन्ही हात पदराखाली घेतले. “नको गं. माझ्या हाताचा भरवसा न्हाय.”

मी टोपी काढली. त्यांच्या पायांशी बसलो.

“काकू, कापड तुम्ही काढलं नव्हतं. मी काढलं होतं. तुमचा हात कधीच चुकला नाही. मला माफ करा.”