रुआंमध्ये शमीमची अरबी

जेद्दाकर मंडळी, आज बायकोचं कौतुक करणार आहे. नेहमी करत नाही, म्हणून वाचाच.

सुट्टीवर फ्रान्सला आलोय. आज पॅरिसहून ट्रेनने रुआं या जुन्या शहरात फिरायला गेलो. मोठं चर्च पाहिलं, लाकडी घरांच्या गल्ल्या पाहिल्या आणि एका चढावर मला दम लागला. दम्याचा पंप हॉटेलवरच राहिला होता.

बायकोने, शमीमने, मला धरून औषधाच्या दुकानात नेलं. माझं इंग्रजी काउंटरवरच्या बाईंना कळेना, आणि बोलायला श्वासही पुरेना. शमीमने त्यांच्या कोटावरचं नाव वाचलं, फातिमा, आणि सरळ अरबीत बोलायला लागली. बाई मोरोक्कोच्या निघाल्या. त्यांची अरबी वेगळी, म्हणून दोघी सावकाश बोलत होत्या. चिठ्ठीशिवाय पंप मिळत नव्हता. शमीमने मोबाईलवर आमच्या जेद्दाच्या डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून सगळं समजावलं. पाच मिनिटांत पंप माझ्या हातात आला.

जेद्दाच्या शराफिया भागात अठरा वर्षं राहून मला 'खलास' आणि 'यल्ला'च्या पुढे येत नाही. हिने सगळी अरबी वरच्या मजल्यावरच्या सौदी शेजारणीकडे बसून उचलली. मी त्याला टाईमपास म्हणायचो.

परतताना ट्रेनमध्ये म्हटलं, "इतकी छान बोलतेस, मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत?" ती म्हणाली.

खरंच, कधीच विचारलं नव्हतं. तुम्ही तुमच्या घरात विचारलंय?