हत्तीच्या कानामागची तीट

हत्ती काही केल्या स्थिर बसेना.

सकाळी टर्नटेबलवर ठेवला तेव्हा ऐटीत होता. करडा, गुबगुबीत, सोंड वर केलेला, कापसाने भरलेला हत्ती. नंतर तो हळूहळू खचायला लागला. नुसत्या डोळ्यांना काही कळत नव्हतं. पहिला फोटो आणि शेवटचा फोटो शेजारी ठेवला की दिसायचं, पोट जरा पसरलंय, डोकं तांदळाच्या दाण्याएवढं खाली आलंय. तेवढ्यानेही माझं काम बिघडतं.

माझं काम वस्तू फिरवून दाखवण्याचं. ऑनलाइन दुकानात एखाद्या किटलीवर बोट ठेवून सरकवलं की ती किटली स्वतःभोवती फिरते, मागून-पुढून दिसते, ते तुम्ही पाहिलं असेल. लोकांना तो व्हिडिओ वाटतो. व्हिडिओ नसतो तो. वस्तू फिरत्या पाटावर ठेवायची, थोडी थोडी फिरवत छत्तीस फोटो काढायचे आणि ते एका माळेत ओवायचे. याला आम्ही स्पिन म्हणतो. छत्तिसावा फोटो पहिल्याला बेमालूम जुळला पाहिजे. नाही जुळला तर दर फेरीला वस्तू उचकी लागल्यासारखी दचकते. किटली बिचारी गुणाची, ठेवली तशी राहते. कापडी खेळणी मात्र माणसांसारखी, बसल्यावर सैलावतात. त्यांना आधी तासभर नुसतं बसू द्यावं लागतं.

तर मी हत्तीच्या स्थिरावण्याची वाट पाहत बसले होते. झाशीच्या सीपरी बाजारात साड्यांच्या एका दुकानावर माझी खोली आहे. खाली ऑटोवाले एकमेकांचा उद्धार करत असतात. पण जाड पडदे ओढले आणि मोठे दिवे लागले की ते सगळं पाण्याखालून आल्यासारखं लांबचं होतं. खोलीत पांढरा उजेड आणि मधोमध एकच वस्तू. मशीनचा बारीक गुंगुं आवाज. अशा वेळी मला हमखास पेंग येते. कधी कधी तर वाटतं, वस्तू आपल्या जागी आहे आणि मीच खोलीसकट तिच्याभोवती फिरते आहे. कॉलेजातली माझी मुलगी म्हणते, मम्मी, तू कामावर झोपा काढतेस. ती हे हिंदीत म्हणते. मराठी तिला कळतं सगळं, बोलायचं म्हटलं की जीभ जड होते. आता पुण्यात शिकायला गेलीये, तिथे तिचं मराठी ऐकून रिक्षावालेही हिंदीवर येतात म्हणे.

हत्ती कुसुमचा होता. बाहेरचे लोक झाशी म्हटलं की थेट तलवारच उपसतात. इथल्या गल्ल्यांमधून पोती भरभरून कापडी अस्वलं आणि हत्ती देशभर जातात, हे त्यांना सांगूनही खरं वाटत नाही. प्रेमनगरात घराच्या तळमजल्यावर कुसुमचा छोटा कारखाना आहे. आजूबाजूच्या बायका येऊन शिवतात, भरतात. दिल्लीचा एक ठोक व्यापारी वर्षानुवर्षं सगळा माल उचलायचा. यंदा त्याने हात वर केले, कारण त्याला बाहेरून स्वस्तातला मिळायला लागला. आता एका ऑनलाइन दुकानाने कुसुमला घ्यायची तयारी दाखवली होती. अट एकच होती, दिवाळीच्या विक्रीसाठी नवीन विक्रेत्यांची नोंद बंद व्हायच्या आत स्पिन पास झाला पाहिजे. नाहीतर दिवाळीनंतर बघू. आणि दिवाळीनंतर कारखाना उघडाच राहिला असता असं नव्हतं.

"दीदी, आपके हाथ में है सब," कुसुम म्हणाली होती. असं कुणी म्हणालं की मला आधी राग येतो आणि मग मी जास्त मन लावून काम करते.

हत्ती स्थिरावला. मी त्याची लव ब्रशने एका दिशेने बसवली. लव उलटसुलट राहिली तर एक बाजू उजळ आणि दुसरी काळवंडलेली दिसते. मग चिकट टेप घेतली. या टेपने मी प्रत्येक वस्तूवरचा धागा, केस, धुळीचा कण टिपून काढते. या बाबतीत माझी नजर अगदी घारीची आहे, असं मी चारचौघांत सांगतही असते. हत्ती सगळ्या बाजूंनी टिपला. छत्तीस फोटो काढले, माळ ओवली, फिरवून पाहिली. उचकी नाही, डाग नाही, काही नाही. पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी त्या ऑनलाइन दुकानाच्या कंपनीतून मेघनाचा फोन आला. ती बंगळुरूला बसून आमच्यासारख्यांचे स्पिन तपासते.

"मॅम, रिजेक्ट करना पड़ेगा. फ्रेम सतरह से इक्कीस. लेफ्ट कान के पीछे दाग है."

"दाग? हो ही नहीं सकता."

"काला, गोल. आप देख लीजिए."

मी ताडकन लॅपटॉप उघडला. सतरावा फोटो, म्हणजे हत्ती जवळजवळ पाठमोरा. डाव्या कानामागे मुगाच्या दाण्याएवढा काळा ठिपका. मी त्याच्याकडे पाहत राहिले आणि मला हसूच फुटलं. ती तीट होती. काजळाचं बोट टेकवलेलं.

आणि मी ती आदल्या दिवशी पाहिली होती! नीट आठवलं मला. टेप फिरवताना माझा हात त्या ठिपक्याला वळसा घालून गेला होता. घारीच्या नजरेने कणन् कण टिपला आणि काजळाचा ठिपका तेवढा सोडला, कारण तो डाग आहे असं माझ्या डोक्यातच आलं नाही. घरातून कुणी बाहेर निघालं की त्याला काळं बोट लावलेलं असायचंच. आमची आई अजूनही नव्या फ्रिजला लावते, माझ्या कॅमेऱ्याच्या पिशवीलाही लावलेलं आहे. लहानपणापासून जे पाहिलं ते डोळ्यांना खुपत नाही. बंगळुरूच्या मुलीला लगेच खुपलं.

कुसुमला फोन केला.

"अम्मा ने लगाया होगा," ती म्हणाली. अम्मा म्हणजे तिच्या सासूबाई. "हर खिलौने को लगाती हैं, दीदी. पैकिंग से पहले. डिठौना."

"हर एक को?"

"एक नहीं छूटता. दिल्ली वाले पोंछ के बेचते थे. मैंने अम्मा को कभी बताया नहीं."

ठिपका फोटोतून पुसून टाकणं मला अवघड नव्हतं. चहा निवायच्या आत झालं असतं. पण मग गिऱ्हाइकाला घरपोच मिळणार ठिपक्याचा हत्ती. फोटोत एक आणि खोक्यात भलतंच, म्हणजे माल परत. नव्या विक्रेत्याचा माल असा दोन-चारदा परत आला की दुकान त्याला सरळ बाहेर काढतं. मी कुसुमला तसं स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, मी कोरा हत्ती घेऊन येते, अम्मांना कळू देणार नाही.

आली ती अम्मांना घेऊनच.

"ज़िद पकड़ ली," कुसुम माझ्याकडे केविलवाणं बघत म्हणाली. "बोलीं, मशीन देखनी है जिस पे हाथी घूमता है."

अम्मा म्हणजे मूठभर बाई. पदर डोक्यावरून, बोटांच्या टोकांना सुया टोचून झालेले घट्टे. स्टुलावर बसल्या आणि दिव्यांकडे बघून म्हणाल्या, "इतनो उजारो!" मी पडदे ओढले. नवा हत्ती स्थिरावेपर्यंत टर्नटेबल सावकाश फिरत ठेवलं, खरं तर त्यांना बरं वाटावं म्हणूनच.

आम्ही तिघी त्या उजेडात बसून राहिलो. हत्ती फिरत होता. सोंड आली, कान आला, पाठ आली, शेपटी, पुन्हा कान, पुन्हा सोंड. खालचा बाजार लांब कुठेतरी विरघळून गेला. मला डोळे मिटावेसे वाटायला लागले. अम्मांचीही मान लवत होती, असं मला वाटलं.

"रोको," अम्मा म्हणाल्या.

मी मशीन थांबवलं. हत्ती पाठमोरा उभा होता.

"डिठौना कितै गओ?"

कुसुमने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "अम्मा, कंपनी वाले उसे दाग मान रहे हैं. दाग रहा तो माल नहीं लेंगे."

अम्मा रागावतील अशी माझी खात्री होती. त्या रागावल्या नाहीत. हत्तीच्या पाठीकडे बघत राहिल्या. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, "अम्मा जी, हमारे यहाँ गाल पे लगाते हैं, सामने. आप कान के पीछे क्यों लगाती हैं?"

माझ्या बावळटपणाचं जरा हसूच आलं त्यांना.

"जाबे वारे की तौ पीठई दिखात, बिन्नू," त्या म्हणाल्या. "मौं कौन देखत? और पैलें अपनोंई की नजर लगत."

निघून जाणाऱ्याची पाठच तर दिसते, पोरी. तोंड कोण बघतं? आणि आधी नजर लागते ती आपल्याच माणसांची.

त्यांची दोन्ही मुलं लांब असतात, धाकटा सुरतेला आणि कुसुमचा नवरा आखातात, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. मला दिसला तो झाशीचा प्लॅटफॉर्म. माझी मुलगी डब्यात चढताना. जांभळी सॅक, वेणी, सॅकला लटकलेली पाण्याची बाटली. ती वळेल म्हणून मी हात वर करून उभी होते, आणि ती जागा शोधायच्या घाईत वळलीच नाही. तिचा त्या दिवसाचा चेहरा मला आठवत नाही, पाठ मात्र आठवते, बाटलीच्या झाकणाच्या रंगासकट. केवढी बघितली होती मी ती पाठ. माझे डोळे भरून आले, आणि मी लाइट अ‍ॅडजस्ट करायचं नाटक करत उठले.

उठलेच होते, म्हणून मेघनाला फोन लावला.

"मेघनाजी, अगर वो निशान डिज़ाइन का हिस्सा हो तो?"

"तो चलेगा मॅम. लेकिन काजल नहीं, वो फैलेगा. पक्का होना चाहिए. हर पीस पे सेम जगह. और डिस्क्रिप्शन में लिखा हो."

फोन ठेवून मी अम्मांना विचारलं, काजळाऐवजी काळ्या दोऱ्याचा टाका चालेल का? नजरेला काळा दोरा चालतोच की, आम्हीही बांधतो. कुसुम श्वास रोखून सासूकडे बघत होती. कारखाना चालणार की बंद होणार, ते आता एका म्हातारीच्या मानेवर अवलंबून होतं.

अम्मांनी विचार केला. मग म्हणाल्या, "काजर तौ पुँछ जात. डोरा नईं पुँछत." काजळ पुसलं जातं, दोरा पुसला जात नाही.

दिल्लीवाल्याचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण कुसुमचा चेहरा बघून मला वाटलं, बहुधा सांगायची गरजही नव्हती.

त्यांच्या ब्लाउजला आतून सुई टोचलेली होतीच. माझ्याकडे काळा दोरा निघाला. हत्ती मांडीवर घेऊन त्यांनी डाव्या कानामागे बारीक टाका घातला, गाठ मारली, दोरा दातांनी तोडला. मग त्याला डोक्यापासून शेपटीपर्यंत मायेने कुरवाळलं, दोनदा. सगळी लव उलटीपालटी झाली, पोट दबलं. पुन्हा ब्रश, पुन्हा टेप, पुन्हा तासभर हत्तीची आराधना. तोवर आम्ही खालून चहा मागवला, आणि कुसुमने कुठल्या बाईचं शिवणकाम कसं आहे ते सांगत मला हसवलं.

डिस्क्रिप्शन काय लिहायचं, यावर कुसुम अडली. "आप लिखो दीदी, आप पढ़ी-लिखी हो." मी लिहिलं: "बाएँ कान के पीछे काला टाँका. घर से विदा करते समय लगाया गया." मेघना हे कापणार असं मला वाटत होतं. तिने स्पिन पास केला आणि वाक्य तसंच ठेवलं. वर फोनवर म्हणाली, "मॅम, मैं भी घर से दूर रहती हूँ," आणि लगेच पुढच्या प्रॉडक्टकडे वळली. कामाची मुलगी आहे.

नोंद वेळेत झाली. दिवाळीच्या आधी कुसुमच्या कारखान्यातली मशिनं सगळी चालू होती, आणि दाराशी खोकी अशी रचलेली की आत जायला आडवं व्हावं लागे. शेवटच्या खोक्याशी अम्मा, सुई घेऊन. टाका त्या दुसऱ्या कुणाला घालू देत नाहीत. कुसुमने एकदा मदत करू का म्हणून विचारलं, तर त्यांनी तिला चहा करायला पाठवलं.

परवा गेले तेव्हा अम्मा कुसुमचा फोन हातात घेऊन बसल्या होत्या. ऑनलाइन दुकानातला आपला हत्ती बोटाने फिरवत. सोंड, कान, पाठ. पाठीवर आला की तिथेच थांबवायच्या आणि बघत राहायच्या.

"अम्मा, मुँह तो इधर करो उसका," कुसुम म्हणाली.

"जान दो ऊखों," अम्मा म्हणाल्या. जाऊ दे त्याला.

मी मात्र या प्रकरणातून धंद्यापुरता एक धडा घेतला. आता शूटच्या आधी मी गिऱ्हाइकाला विचारते, पीछे कुछ है? किसी ने लगाया है? बहुतेकांना प्रश्न कळत नाही. एखाद्याला कळतो. तो जरा लाजत वस्तू उलटी करून दाखवतो, आणि मी टेप खाली ठेवते.